पेनेलोपी : नावाचा अर्थ कुठून येतो?



ग्रीक पुराणकथांतली कितीतरी नावं आजही जगभर मुलामुलींना ठेवली जातात. हेलन, डॅफ्नी, फीबी, जेसन, हेक्टर, ही यादी लांबवता येईल. आज आपण त्यातलं एकच नाव घेणार आहोत, आणि ते म्हणजे पेनेलोपी. ओडिसियसची बायको, इथाकाची राणी. या शतकात अमेरिकेत हे नाव पुन्हा फार आवडीचं झालं आहे. आपल्यापैकी ज्यांची मुलं तिकडे आहेत, त्यांच्या कानावर शेजारच्या एखाद्या छोट्या मुलीचं नाव म्हणून ते आलंही असेल.

बाळांच्या नावांचं कुठलंही पुस्तक उघडा, किंवा सरळ मोबाइलवर शोधा. पेनेलोपी या नावापुढे 'विणणारी' असा अर्थ दिलेला सापडतो, नाहीतर 'एकनिष्ठ पत्नी' असा. पुष्कळदा दोन्ही अर्थ एका ओळीत, मध्ये स्वल्पविराम देऊन. आमचं आजचं म्हणणं त्या स्वल्पविरामाबद्दल आहे. त्याच्या अलीकडची गोष्ट भाषाशास्त्राची आहे आणि ती अर्धीच सांगितलेली आहे. पलीकडची गोष्ट हा मुळात शब्दाचा अर्थच नव्हे. ते एका महाकाव्याचं वाचन आहे, आणि आमच्या मते कच्चं वाचन आहे. पण नावाच्या पाटीखाली ते इतकी शतकं चिकटून राहिलं की लोक मूळ काव्यही त्या पाटीवरूनच वाचायला लागले.

तर क्रमानं जाऊ या. आधी शब्द बघू, मग काव्य, आणि शेवटी ज्यांनी हे नाव ठेवलं आणि ज्यांना ते मिळालं ती माणसं.

शब्द

होमरच्या काव्यात हे नाव 'पेनेलोपेइया' असं येतं. 'पेनेलोपे' हे आटोपशीर रूप नंतरचं. याच्या दोन व्युत्पत्ती प्राचीन काळापासून सांगितल्या जातात.

पहिली 'पेने' या शब्दावरून. पेने म्हणजे विणकामातला आडवा धागा, म्हणजे आपले विणकर ज्याला बाणा म्हणतात तो, किंवा तो धागा गुंडाळलेली कांडी. नावाचा उरलेला भाग 'उसकटणं, उपटणं' अशा अर्थाच्या क्रियापदाशी जोडायचा, की झाली 'धागा उसवणारी'. कथेशी हे इतकं चपखल बसतं की त्यामुळेच शंका यावी.

दुसरी 'पेनेलोप्स' या शब्दावरून. हे एका रानबदकाचं नाव. आल्कायस, इबिकस या जुन्या कवींना हा पक्षी ठाऊक होता. इ.स.पू. 414 मध्ये रंगमंचावर आलेल्या ॲरिस्टोफेनिसच्या 'पक्षी' या नाटकात पाखरांची जी जत्रा भरते, तिच्यात पेनेलोप्स हजर आहे. ग्रीक भाषेत पक्ष्यांची आणखीही काही नावं 'ओप्स' या शेपटाची आहेत. त्यामुळे शब्दाच्या घडणीकडे बघता बदकाची बाजू चांगली भक्कम ठरते, आणि आधुनिक भाषाशास्त्रज्ञांपैकी अनेकजण तिकडे झुकतात. एका राजकन्येला पाखराचं नाव असणं यात ग्रीकांना काही वावगं वाटलं नसतं. आपल्याकडेही मैना आहे, सारिका आहे.

आता गंमत बघा. बदक आणि राणी यांचा संबंध काय, हा प्रश्न प्राचीन टीकाकारांनाही पडला. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. ही मुलगी लहानपणी समुद्रात फेकली गेली, रानबदकांनी तिला तरंगत ठेवून किनाऱ्याला आणलं, म्हणून तिचं नाव पेनेलोपी. बाराव्या शतकात थेसालोनिकीचा आर्चबिशप युस्टाथियस यानं होमरवर प्रचंड टीका लिहिली, तिच्यात असल्या जुन्या गोष्टी जपलेल्या आहेत. होमरमध्ये या कथेचा मागमूस नाही. नाव आधी होतं, त्याचा खुलासा करण्यासाठी कथा नंतर जन्माला आली.

धाग्याच्या व्युत्पत्तीचं काय? तिथे उलटा प्रवास झालेला दिसतो. कथा आधीच लोकांच्या तोंडी होती, आणि तिला साजेसा अर्थ नावात शोधला गेला. किंवा असंही झालं असेल की जुन्या एखाद्या गायकाला 'पेने' हा ध्वनी नावात ऐकू आला आणि त्यावरून मागाची गोष्ट सुचली. दोन्ही शक्य आहे. पण 'नावाचा अर्थ विणणारी, म्हणून ती विणते' हे सरळसोट विधान कोणी करू नये.

आपल्या परंपरेत या प्रश्नासाठी फार नेमके शब्द आहेत. शब्द यौगिक असतो, रूढ असतो, किंवा योगरूढ असतो. अवयवांवरून अर्थ कळला तर यौगिक. अवयव काही सांगत नाहीत, केवळ वहिवाटीनं अर्थ ठरला, तर रूढ. आणि 'पंकज' म्हणजे चिखलात जन्मलेलं, पण चिखलात जन्मलेल्या बेडकाला कुणी पंकज म्हणत नाही, फक्त कमळाला म्हणतात. तर तो योगरूढ. यास्कानं निरुक्तात हा वाद नोंदवून ठेवला आहे. शाकटायन म्हणतो, सगळी नामं क्रियापदांपासून आली. गार्ग्य म्हणतो, सगळी नाही. नावांची पुस्तकं लिहिणारे लोक सगळे शाकटायनाचे चेले असतात. प्रत्येक नाव फोडायचं आणि आतून अर्थ काढायचा. पेनेलोपीच्या बाबतीत गार्ग्याचं ऐकलेलं बरं. होमरच्या श्रोत्यांसाठी ते नाव बहुधा रूढच होतं.

याला एक चांगला पुरावा खुद्द होमर देतो. 'ओडिसी'च्या 19व्या सर्गात ओडिसियसच्या बारशाची हकिकत आहे. आजोबा ऑटोलिकस इथाकाला येतो, दाई युरिक्लिया नवजात बाळ त्याच्या मांडीवर ठेवते आणि म्हणते, याला नाव शोधा. आजोबा सांगतो, मी पुष्कळांच्या रागाला कारण झालो आहे, म्हणून याचं नाव ओडिसियस. तिथे राग धरण्याच्या क्रियापदाशी नावाचा उघड संबंध जोडला आहे. म्हणजे नावाची फोड करणं होमरला माहीत होतं, आवडतही होतं. आणि त्याच 19व्या सर्गात पेनेलोपी स्वतःच्या तोंडानं मागाची सगळी युक्ती सांगते. धागा आहे, माग आहे, नाव फोडायची इच्छाही आहे. तरीही होमर तिचं नाव फोडत नाही. नवऱ्याच्या नावाला कथा आहे, तिच्या नावाला नाही. हे मौन आम्हांला महत्त्वाचं वाटतं. तिची ओळख तिच्या नावातून काढायची नाही, ती काय करते त्यातून काढायची, इतकं तरी त्यातून आपण घेऊ शकतो.

प्लेटोचा एक अन्याय

तत्त्वज्ञानात आयुष्य घालवलेल्या माणसाला इथे प्लेटो आठवणारच. 'क्रॅटिलस' नावाचा त्याचा अख्खा संवाद नावांवर आहे. हर्मोजेनिस म्हणतो, नावं म्हणजे लोकांनी केलेला करार. क्रॅटिलस म्हणतो, प्रत्येक वस्तूला तिचं स्वभावतःच योग्य असं नाव असतं. दोघांच्या मधे सॉक्रेटिस. तो हेक्टर, अस्टिअनॅक्स, ॲगमेम्नॉन, ओरेस्टिस अशी एकेक नावं घेऊन त्यांच्या इतक्या फोडी करतो की वाचणाऱ्याला कळेना, हा गंभीर आहे की थट्टा करतोय. पण शेवटी तो जिथे येतो ती जागा लक्षात ठेवण्यासारखी आहे. वस्तूचं ज्ञान नावावरून मिळवण्यापेक्षा खुद्द वस्तूकडून मिळवणं अधिक चांगलं, अशा मतावर तो येतो.

हाच नियम प्लेटोनं पेनेलोपीला लावला असता तर बरं झालं असतं. 'फीडो' या संवादात, म्हणजे सॉक्रेटिसच्या आयुष्यातल्या शेवटच्या दिवशी, आत्म्याबद्दल बोलणं चाललेलं आहे. तत्त्वज्ञाचा आत्मा शरीराच्या सुखदुःखांच्या बंधनांतून एकदा सुटला की त्यानं स्वतःला पुन्हा त्यात बांधून घेऊ नये. तसं केलं तर ते पेनेलोपीच्या उलट्या मागासारखं कधीही न संपणारं काम होईल, असा तिथला आशय. पुढे सिसेरोही तीच उपमा उचलतो. स्टोइकांचं तर्कशास्त्र आधी सिद्ध केलेलं स्वतःच उलथवून टाकतं, पेनेलोपीनं वस्त्र उसवावं तसं, असं तो म्हणतो.

म्हणजे दोन मोठ्या तत्त्वचिंतकांच्या लेखी पेनेलोपी हे व्यर्थ श्रमाचं नाव झालं. आता काव्यात काय आहे? 108 मागणीवाले घरात ठाण मांडून बसलेले. हा आकडा 16व्या सर्गात बेटवार हिशेब देऊन सांगितला आहे : डुलिकियमचे 52, सामेचे 24, झाकिंथसचे 20 आणि इथाकाचेच 12. नवऱ्याचा पत्ता नाही. मुलगा लहान. सासरा लाएर्टीस म्हातारा. अशा वेळी ती म्हणते, सासऱ्यासाठी त्याच्या अंत्यविधीचं वस्त्र विणून होऊ द्या, मग मी लग्नाचं बघते. दिवसा विणते, रात्री मशालीच्या उजेडात उसवते. अशी तीन वर्षं काढते. चौथ्या वर्षी एक दासी फितूर होते, आणि मग वस्त्र पुरं करावंच लागतं.

यात व्यर्थ काय होतं? ते वस्त्र पुरं करणं हे तिचं उद्दिष्टच नव्हतं. वेळ मिळवणं हे उद्दिष्ट होतं, आणि रोजचं उसवणं हे त्या उद्दिष्टाच्या दिशेनं टाकलेलं रोजचं एक पाऊल होतं. काम न संपणं हेच तिचं यश होतं. प्लेटोला उपमा हवी होती, त्यानं ती घेतली. उपमेत सगळंच जुळावं असा आग्रह आम्ही धरत नाही. पण साध्य काय आणि साधन काय हे न विचारता एखाद्या कृतीला निरर्थक म्हणणं, ही चूक तत्त्वज्ञानाच्या वर्गात पहिल्या वर्षी दुरुस्त केली जाते.

काव्य

आता प्रत्यक्ष काव्याकडे. मागाची ही गोष्ट 'ओडिसी'त एकूण तीनदा सांगितली जाते. दुसऱ्या सर्गात मागणीवाल्यांचा म्होरक्या अँटिनोअस ती भर सभेत तक्रार म्हणून सांगतो. 19व्या सर्गात ती स्वतः सांगते. 24व्या सर्गात मेलेल्या मागणीवाल्यांपैकी एकाचा आत्मा पाताळात ती सांगतो. तीनपैकी दोनदा ही गोष्ट फसवले गेलेले लोक सांगताहेत. अँटिनोअसच्या बोलण्यात चीड आहे, पण तो कबूलही करतो की अशी बुद्धी जुन्या काळच्या नामांकित स्त्रियांपाशीही नव्हती. शत्रूनं दिलेलं हे प्रशस्तिपत्र तिच्या अकलेला आहे.

होमर तिला वारंवार लावतो ते विशेषण 'पेरीफ्रोन', म्हणजे सगळीकडून विचार करणारी. दुसरं 'एखेफ्रोन', म्हणजे चित्त ताब्यात ठेवणारी. दोन्ही विशेषणं मनाबद्दल, विचारशक्तीबद्दल आहेत. निष्ठा तिच्याकडे आहेच, ती कोण नाकारतं? पण कवी तिची ओळख करून देताना तिच्या निष्ठेपासून सुरुवात करत नाही, बुद्धीपासून करतो.

शेवटची परीक्षाही तीच घेते, नवरा नव्हे. 23व्या सर्गात वीस वर्षांनी परतलेला ओडिसियस समोर बसला आहे, सगळे म्हणताहेत हा तोच, मुलगा आईवर चिडला आहे. ती शांतपणे दाईला सांगते, यांचा पलंग बाहेर आणून टाक. तो पलंग जिवंत ऑलिव्हच्या खोडाभोवती बांधलेला, हलवता न येणारा. हे फक्त त्या दोघांना आणि एका दासीला माहीत. ओडिसियस भडकतो, माझा पलंग कुणी हलवला म्हणून, आणि त्या भडकण्यातच सापडतो. आख्ख्या काव्यात सगळ्यांना फसवत आलेला माणूस इथे एकाच वाक्यात फसतो, बायकोच्या.

आणि तिच्या मुलाचं वागणं बघा. पहिल्याच सर्गात गायक ट्रॉयहून परतीचं दुःखद गाणं गातोय. ती खाली येऊन म्हणते, हे नको, दुसरं काही गा. टेलिमॅकस तिला सगळ्यांदेखत सांगतो, तू आत जा, तुझा माग आणि तुझी चाती सांभाळ, बोलणं हे पुरुषांचं काम. इंग्लंडच्या अभ्यासक मेरी बिअर्ड यांनी 2017 च्या 'विमेन अँड पॉवर' या पुस्तकात पाश्चात्त्य साहित्यातलं स्त्रीला गप्प करण्याचं हे पहिलं नोंदलेलं उदाहरण म्हणून मांडलं आहे. आम्ही त्याला एवढीच जोड देऊ की तो तिला ज्या मागाकडे हाकलतो, त्याच मागाच्या जोरावर तिनं तीन वर्षं त्याचं घर आणि त्याचा जीव राखला होता. मुलाला ते दिसत नाही. काव्याला दिसतं.

मग हे सगळं वाचकांच्या नजरेतून निसटलं कसं? सुरुवात फार मोठ्या माणसानं केली. ॲरिस्टॉटलनं 'काव्यशास्त्रा'च्या 17व्या प्रकरणात 'ओडिसी'चं सार थोडक्यात दिलं आहे. एक माणूस वर्षानुवर्षं घरापासून दूर, समुद्रदेव मागे लागलेला, एकटा. घरी मागणीवाले संपत्ती उधळताहेत, मुलाच्या जिवावर उठलेत. तो येतो, ओळख देतो, शत्रूंना मारतो. या सारांशात बायको नाही. 'मागणीवाले' आहेत, पण कुणाला मागणी घालणारे, ते वाचणाऱ्यानं समजून घ्यायचं.

भाषांतरातही हेच होतं. 21व्या सर्गात ती धनुष्याच्या कोठाराची किल्ली उचलते, तेव्हा होमर तिच्या हाताला 'जाड, भरदार' म्हणतो. हेच विशेषण योद्ध्यांच्या हातालाही लागतं. जुने भाषांतरकार इथे अडखळतात. राणीचा हात जाड कसा असेल? मग कुणी ते विशेषण गाळतो, कुणी मऊ करतो. 2017 मध्ये एमिली विल्सन यांचं इंग्रजी भाषांतर आलं, 'ओडिसी' संपूर्ण इंग्रजीत आणून प्रसिद्ध करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांनी तो हात विणकाम केलेल्या बाईचा बळकट हात म्हणून राहू दिला. एका विशेषणाची गोष्ट आहे, पण समीक्षा अशाच ठिकाणी करायची असते.

एक बाजू मात्र लपवता कामा नये. ओडिसियस परतल्यावर घरातल्या 12 दासींना फाशी दिली जाते. पेनेलोपी त्या वेळी झोपलेली आहे, आणि नंतरही त्यांच्याबद्दल तिच्या तोंडी दुःखाचा शब्द येत नाही. कॅनडाच्या लेखिका मार्गारेट ॲटवुड यांनी 2005 मध्ये 'द पेनेलोपियड' लिहिली ती याच जागी बोट ठेवून. तेव्हा तिची बुद्धी मान्य करताना तिची देवी करायची गरज नाही. एकनिष्ठतेच्या मखरातून काढून आपण तिला हुशारीच्या मखरात बसवलं, तर पाटी फक्त बदलली, वाचन झालंच नाही.

दुसरी पेनेलोपी, आणि रोम

ग्रीसमध्ये सगळीकडे ती पतिव्रताच होती, हाही गैरसमज. हिरोडोटस इ.स.पू. पाचव्या शतकात सांगतो की पॅन हा देव पेनेलोपी आणि हर्मिस यांचा मुलगा, असं ग्रीक लोक मानतात. दुसऱ्या शतकात ग्रीसभर फिरलेला पॉसेनियस आर्केडियातल्या मँटिनियाची स्थानिक कथा नोंदवतो : ओडिसियसनं तिला मागणीवाल्यांना घरात घेतल्याच्या आरोपावरून हाकलून दिलं, ती आधी स्पार्टाला आणि मग मँटिनियाला गेली, तिथेच वारली. तिची म्हणून एक समाधीही लोक दाखवत. आणि याच पॉसेनियसनं स्पार्टाजवळ लज्जेची एक मूर्ती पाहिली. बाप इकॅरियस माहेरी राहण्याचा आग्रह करत असताना पेनेलोपीनं उत्तर न देता चेहऱ्यावर पदर ओढला, आणि ती नवऱ्याबरोबर निघाली, त्या जागी ती मूर्ती. एकच प्रवासी, एकच नाव, आणि दोन गावांत दोन विरुद्ध कीर्ती.

जॉन स्टुअर्ट मिलनं 1843 मध्ये तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात म्हटलं की विशेषनामाला गुणार्थ नसतो, ते केवळ व्यक्ती दाखवतं. मँटिनियाची पेनेलोपी आणि इथाकाची पेनेलोपी बघितल्या की मिलचा मुद्दा पटतो. 'निष्ठा' हा त्या नावाचा अर्थ असता तर मँटिनियाच्या लोकांचं बोलणं व्याघाती झालं असतं. ते तसं नव्हतं. त्यांनी नाव तेच वापरलं आणि गोष्ट वेगळी सांगितली.

मग इथाकाची, त्यातही केवळ वाट बघणारी पेनेलोपीच जगभर का पोहोचली? आमच्या मते याचं मोठं श्रेय, किंवा दोष, रोमकडे जातो. ओव्हिडनं 'हिरॉइडीझ' या काव्यात पुराणातल्या स्त्रियांची पत्रं रचली, त्यातलं पहिलंच पत्र पेनेलोपीचं नवऱ्याला. सुंदर पत्र आहे. पण त्यात माग येतो तो लांबलचक रात्र कशीबशी सरावी म्हणून. मागणीवाल्यांना तीन वर्षं झुलवणारी युक्ती त्या पत्रात नाही. उसवणं गेलं, विणणं उरलं. बुद्धी गेली, विरह उरला. युरोपच्या शाळांत शतकानुशतकं लॅटिन शिकवलं गेलं, ग्रीक फार थोड्यांना येई. 'ओडिसी'चं जॉर्ज चॅपमनचं इंग्रजी भाषांतर 1614-15 मध्ये आलं. त्याआधीच्या इंग्लंडला पेनेलोपी भेटली ती मुख्यतः लॅटिनच्या दारातून.

ज्यांना हे नाव मिळालं त्या

आणि त्याच इंग्लंडात 1563 मध्ये पेनेलोपी डेव्हरू जन्मली. या नावाच्या सुरुवातीच्या इंग्रज स्त्रियांपैकी ती सर्वांत प्रसिद्ध. 1581 मध्ये रॉबर्ट रिच या श्रीमंत सरदाराशी तिचं लग्न तिच्या मनाविरुद्ध लावण्यात आलं. फिलिप सिडनीनं आपल्या सुनीतांमध्ये जिला 'स्टेला' म्हटलं ती हीच, असं मानलं जातं. पुढे चार्ल्स ब्लाउंट या सरदाराशी तिचं नातं जुळलं, ते लपवलेलं नव्हतं, त्यांना मुलं झाली. 1605 मध्ये घटस्फोट झाला, आणि चर्चची मनाई धुडकावून दोघांनी लग्न केलं. 1607 मध्ये ती वारली. नावाच्या पुस्तकातला 'एकनिष्ठ पत्नी' हा अर्थ तिला लावून बघा. पण लादलेल्या लग्नासमोर मान न तुकवणारी स्त्री म्हणून बघितलं, तर ती होमरच्या पेनेलोपीपासून फार दूर जात नाही.

दुसरी पेनेलोपी डेल्टा. 1874 मध्ये अलेक्झांड्रियात जन्मलेल्या या ग्रीक लेखिका, मुलांसाठी त्यांनी लिहिलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्या ग्रीसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेल्या. 27 एप्रिल 1941 ला जर्मन सैन्य अथेन्समध्ये शिरलं, त्या दिवशी त्यांनी विष घेतलं, आणि 2 मे रोजी त्यांचा अंत झाला. त्यांच्या कबरीवर 'सिओपी' हा शब्द आहे, म्हणजे मौन. टेलिमॅकसनं आईवर लादलेलं मौन आणि हे मौन यांत अंतर आहे. हे स्वतः निवडलेलं होतं.

तिसरं उदाहरण आपल्या काळातलं. स्पेनची अभिनेत्री पेनेलोपी क्रूझ, जन्म 1974. तिचं नाव जोआन मॅन्युएल सेराट यांच्या 1969 च्या एका गाण्यावरून ठेवलं, असं सांगितलं जातं. त्या गाण्यातली पेनेलोपी रेल्वे स्टेशनवर बाकावर बसून वाट बघते. तो खरोखर परत येतो, तेव्हा ती त्याला सांगते की मी वाट बघत होते तो तू नव्हेस. म्हणजे होमरपासून सत्तावीसेक शतकांनी नाव पुढे गेलं ते गाण्यातून, आणि गाण्यानं गोष्टीचा शेवटच फिरवला. तरी पलंगाच्या परीक्षेचा धागा त्यात ऐकू येतो : परत आलेला माणूस तोच आहे का, हे ठरवणारी पेनेलोपीच.

आणि जाता जाता, बदक. लिनियसनं 1758 मध्ये प्राण्यांची शास्त्रीय नावं ठरवताना युरेशियन विजन या रानबदकाला 'पेनेलोपी' हे नाव दिलं, आजही ते 'मारेका पेनेलोपी' म्हणून ओळखलं जातं. हिवाळ्यात हे पाहुणे उत्तरेकडून आपल्याकडे येतात. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर किंवा जायकवाडीला तांबूस डोक्याचं, कपाळावर पिवळसर पट्टा असलेलं बदक दिसलं, तर नराचं डोकं बघताय असं समजा. ज्या पाखरावरून राणीचं नाव आलं असावं, त्याला राणीचं नाव परत मिळालं.

मग नावाचा अर्थ कुठून येतो? शब्दाच्या मुळातून थोडा. कवीनं त्या नावाच्या व्यक्तीला जे करायला लावलं, त्यातून पुष्कळ. नंतरच्या वाचकांनी त्यातलं काय ठेवलं आणि काय गाळलं, त्यातून त्याहून अधिक. आणि उरलेला अर्थ, ज्या मुलीला ते नाव मिळतं ती घालते. आई-बाप नाव देतात, ते एका परीनं इच्छाही देतात. 'ही एकनिष्ठ होवो, सोशिक होवो' अशी इच्छा मुलीच्या जन्माबरोबर तिच्या गळ्यात घालायची की 'ही सगळीकडून विचार करणारी होवो' अशी, हा फरक किरकोळ नाही. दोन्ही इच्छा एकाच नावात मावतात. कुठली मावते, हे आपण मूळ काव्य वाचलं की नावाच्या पुस्तकातली एक ओळ वाचली, यावर ठरतं.

तेव्हा आमची विनंती एवढीच. ज्यांच्या घरी, नात्यात, ओळखीत हे नाव आलं असेल, त्यांनी 'ओडिसी'चे निदान तीन सर्ग वाचावेत : दुसरा, 19वा आणि 23वा. भाषांतर कुठलंही चालेल, पण 21व्या सर्गात तिचा हात कसा आहे, तेवढं एकदा तपासून घ्या. त्यावरून भाषांतरकाराची पारख होते.

पुढच्या वेळी आपण कॅसँड्रा हे नाव घेऊ. खरं बोलूनही जिच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, तिचं नाव लोक आपल्या मुलींना का ठेवतात, हा प्रश्न तोवर मनात असू द्या.